प्रसूतीची देखरेख आणि बाळाचा पहिला जंतुसंसर्ग



ज्या सिस्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य लेबर रूममध्ये गेले. म्हणून मी विषयही लेबर रूमचाच निवडला. मी नवजात बाळांची डॉक्टर. बाळ माझ्याकडे येते तेव्हा प्रसूती होऊन गेलेली असते. जंतुसंसर्ग झालेले, दूध न ओढणारे, अंग टाकलेले बाळ समोर आले की आम्ही केसपेपर मागे मागे चाळत जातो. पाणमोट कधी फुटली, कळा किती तास चालल्या, आईला ताप होता का, हे सगळे विचारतो. पोटातल्या बाळाकडे लक्ष ठेवताना त्याच्यापर्यंत काय काय पोचवले गेले, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

सुरुवात व्हिएन्नापासून करते. इग्नाझ सेमेलवाइस हे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनी बाळंतिणींची तपासणी होते हे त्यातले कारण सेमेलवाइसने ओळखले आणि मे १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. मृत्यू झपाट्याने खाली आले. इथपर्यंतची कथा बहुतेकांना माहीत असते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काय घडले ते फारसे सांगितले जात नाही. गर्भाशयाच्या कर्करोगाने पू वाहणारी एक बाई त्या विभागात दाखल झाली. राउंड जिथून सुरू होई त्याच खाटेवर तिला ठेवले होते. तिची तपासणी करून डॉक्टर आणि विद्यार्थी नुसत्या साबणाने हात धुऊन पुढच्या खाटांकडे गेले. त्या वेळी प्रसूत झालेल्या १२ बायकांपैकी ११ जणी दगावल्या. सेमेलवाइसला कळले की जिवंत रुग्णाचा पूही तितकाच घातक आहे. मग दर तपासणीनंतर क्लोरीन आले.

माझ्यासारख्या बालवैद्याला त्याच्या लिखाणातले आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या गर्भाशयाचे तोंड उघडायला एक-दोन दिवस लागत, त्या बायका विद्यार्थ्यांच्या विभागात जवळजवळ हमखास आजारी पडत, सुइणींच्या विभागात पडत नसत. त्यांच्यामागोमाग त्यांची बाळेही मरत. त्या बाळांच्या शवविच्छेदनात आईसारखेच बदल सापडत, मुलगा असो की मुलगी. लांबलेली प्रसूती म्हणजे जास्त तास, आणि शिकवण्याच्या विभागात जास्त तास म्हणजे जास्त बोटे. जंतू हा शब्दही वैद्यकात रुजला नव्हता तेव्हा या माणसाने प्रसूतीतली तपासणी आणि नवजात बाळाचा मृत्यू यांचा धागा पकडला होता.

हा धागा शरीरात कसा चालतो ते थोडक्यात सांगते. योनिमार्गात जंतू असतातच. त्यातले बहुतेक आईला काही करत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडातला घट्ट चिकट स्राव आणि पाणमोटीचे आवरण, हे दोन अडसर त्यांना वर जाऊ देत नाहीत. तोंड उघडू लागले की पहिला अडसर जातो, पाणमोट फुटली की दुसरा. मग जंतू वर चढतात, गर्भजलात शिरतात, आणि बाळ ते गर्भजल गिळते, फुप्फुसातही ओढते. पाणमोट फुटून १८ तास उलटले की आम्ही जोखीम वाढली असे धरतो. आत जाणारे बोट या प्रवासाला हात देते. मोजा निर्जंतुक असला तर बाहेरचा जंतू आत जात नाही हे खरे, पण खालचा जंतू वर, थेट बाळाच्या डोक्यापाशी नेऊन ठेवण्याचे काम निर्जंतुक मोजाही करतो. हे मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण मोजा घातला की मनातली भीती संपते. त्यात बाळाकडे स्वतःची प्रतिकारशक्ती फार थोडी असते. आईकडून मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत नाळेतून येतात. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला तीही पुरेशी मिळालेली नसतात.

आता यंत्रांकडे येऊ. पोटावर कान लावून बाळाचे ठोके ऐकता येतात हे फ्रान्समध्ये १८२० च्या आसपास लेजुमो द केर्गारादेक यांनी जगासमोर मांडले. त्या शतकाच्या अखेरीस आदोल्फ पिनार यांचे लाकडी नळकांडे आले. आमच्या सिस्टर अजूनही त्याला फीटोस्कोप म्हणतात. या दोन्हींत बाळाला बाहेरूनच ऐकले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत एडवर्ड हॉन यांच्यासारख्या डॉक्टरांना वाटले की कळ येत असताना बाळाच्या हृदयाचा प्रत्येक ठोका नोंदवता आला तर गुदमरणारे बाळ वेळेत ओळखता येईल. पोटावरून मिळणारा संदेश तेव्हा फार अस्पष्ट होता. म्हणून १९६० च्या दशकात बाळाच्या डोक्याच्या त्वचेलाच इलेक्ट्रोड लावायची पद्धत निघाली. आधी चिमटा होता, नंतर स्प्रिंगसारखी वळवलेली बारीक तार आली. पाणमोट फोडायची, बोटाच्या आधाराने नळी आत न्यायची आणि तार फिरवून बाळाच्या डोक्याच्या त्वचेत दोनेक मिलिमीटर रुतवायची. संदेश अगदी स्वच्छ मिळू लागला. शेजारून आणखी एक नळी गर्भाशयात सरकवून कळांचा दाबही मोजता येऊ लागला. ज्यांनी हे केले त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पोटात गुदमरून मरणाऱ्या बाळांसाठी काहीतरी करायची तळमळ त्यामागे होती.

पण त्वचेला छिद्र पडले की ते जंतूंसाठीही छिद्रच असते. तिथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल गाठ यायची, पू व्हायचा. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत इलेक्ट्रोड लावलेल्या बाळांपैकी ४.५ टक्के बाळांच्या डोक्यावर असे गळू सापडले. इतर पाहण्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होते. पुवात बहुधा एकाहून अधिक प्रकारचे जंतू सापडत आणि ते आईच्या योनिमार्गातलेच असत, प्राणवायूशिवाय वाढणारेही. निरीक्षण जितके लांबे, तितका धोका वाढे. बहुतेक गळवे फोडून, प्रतिजैविके देऊन बरी होत. थोड्या बाळांत मात्र संसर्ग कवटीच्या हाडात, रक्तात, मेंदूच्या आवरणापर्यंत गेल्याची नोंद आहे.

गळू दिसते तरी. नागीणवर्गातल्या हर्पीस विषाणूचे तसे नसते. आईला जननेंद्रियाचा हर्पीस आहे हे कित्येकदा तिला स्वतःला माहीत नसते. विषाणू स्रावात असतो, फोड नसतात. अशा आईच्या बाळाच्या डोक्यावर, जिथे तार रुतली होती नेमक्या त्याच जागी, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाण्याचे फोड आल्याची उदाहरणे १९७० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत येत गेली. नवजात बाळाचा हर्पीस अंगभर पसरला आणि औषध मिळाले नाही तर बहुतेक बाळे वाचत नाहीत. वाचली तरी मेंदूला इजा राहू शकते. अमेरिकेत सिएटल शहरात ५८,००० हून अधिक गरोदर स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीच्या वेळी स्रावात हा विषाणू सापडलेल्या स्त्रियांत, आतून देखरेख केलेल्या बाळांना संसर्ग होण्याची शक्यता सुमारे सातपट आढळली. आईचा संसर्ग ताजा असणे हे याहूनही मोठे कारण होते, हे सांगायलाच हवे. पण ताजा संसर्ग टाळणे लेबर रूमच्या हातात नसते. तार लावायची की नाही हे असते.

एचआयव्हीने हाच प्रश्न अधिक तीव्र केला. आईकडून बाळाला होणारा संसर्ग झिडोव्हुडिन या औषधाने २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांच्या आसपास आणता येतो हे १९९४ मध्ये दिसले, आणि आज योग्य उपचारांनी तो याहूनही कितीतरी खाली आला आहे. त्याच काळात जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत आणखी एक ओळ आली, आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या सूचनांतही ती आहे: एचआयव्ही असलेल्या आईची पाणमोट उगाच फोडू नये, आतल्या तपासण्या कमीत कमी कराव्यात, बाळाच्या डोक्याला तार लावू नये.

इतके सगळे पत्करून मिळाले काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय न्याय होणार नाही. डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयात सुमारे १३,००० स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटात बाळाच्या ठोक्यांचा सतत यांत्रिक आलेख, दुसऱ्यात ठरावीक वेळाने कानाने ऐकणे. निष्कर्ष १९८५ मध्ये आले. आलेखाच्या गटात नवजात बाळांना येणारे झटके निम्म्याने कमी होते. हा फायदा खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, १४ आणि १४. चार वर्षांनी मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाणही कमी झालेले दिसले नाही. नंतरचे सगळे प्रयोग एकत्र मांडले तेव्हाही चित्र असेच राहिले, सिझर मात्र वाढलेले दिसले. दाब मोजणाऱ्या आतल्या नळीचीही २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये पारख झाली, सुमारे १,४०० स्त्रियांवर. नळीमुळे शस्त्रक्रिया कमी झाल्या नाहीत, बाळांची प्रकृतीही सुधारली नाही. त्या अभ्यासात संसर्गही वाढलेला दिसला नाही, हेही नोंदवते. ज्या वस्तूने काही सुधारत नाही ती गर्भाशयात सरकवायला तेवढे कारण पुरत नाही, असे माझे मत आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, हे सगळे अमेरिका-युरोपचे झाले. आपल्याकडे बाळाच्या डोक्याला तार कोण लावतो? बरोबर आहे. आपल्या प्रसूतिगृहांत सीटीजी म्हणजे पोटावर बांधायचे दोन पट्टे, आणि ते बाहेरूनच काम करतात. पोटावरच्या पट्ट्यांनी बाळाला जंतुसंसर्ग होत नाही. इलेक्ट्रोडची कथा मी इतकी लांबवली, कारण तिथे प्रश्न स्पष्ट दिसतो. तो आपल्याकडे दुसऱ्या साधनाबाबत विचारायचा आहे. आपले साधन म्हणजे बोट.

पीव्ही, म्हणजे बोटाने केलेली आतली तपासणी. लेबर रूममध्ये हा शब्द दिवसातून शेकडो वेळा उच्चारला जातो. तोंड किती उघडले, डोके कुठवर आले, पाणमोट आहे की गेली, हे कळायला ही तपासणी लागतेच. तिच्याशिवाय प्रसूती सुरक्षित करता येत नाही आणि मी तसे सुचवतही नाही. पण ती किती वेळा आणि कोणी करायची? कळांआधीच पाणमोट फुटलेल्या सुमारे ५,००० स्त्रियांचा एक बहुराष्ट्रीय अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या माहितीचे पुढे विश्लेषण झाले तेव्हा गर्भजलाच्या संसर्गाशी सर्वांत घट्ट जुळलेली गोष्ट आतल्या तपासण्यांची संख्या ही होती. आठ किंवा त्याहून जास्त तपासण्या झालेल्यांत ती जोखीम कित्येक पटींनी वाढली होती. आणि आईच्या गर्भजलाचा संसर्ग ही बाळाच्या संसर्गाची सर्वांत ठळक पूर्वसूचना निघाली. अडलेल्या प्रसूतीत तपासण्याही जास्त होतात, त्यामुळे सगळा दोष बोटाचा नाही, हे संशोधकांनाही माहीत होते. तरी सेमेलवाइसने पाहिलेलाच धागा दीडशे वर्षांनी आकड्यांत पुन्हा दिसला.

आपल्या रुग्णालयांत आठ हा आकडा कठीण नाही. रेसिडेंट बघतो, त्याची सीनियर खात्री करते, ड्युटी बदलते, नवी टीम पुन्हा बघते, एक इंटर्न शिकायला बघतो, नर्सिंगच्या विद्यार्थिनींना अनुभव हवा असतो. बाहेर सासूबाई दर अर्ध्या तासाने विचारतात, किती उघडलं? प्रत्येकाचे कारण समजण्यासारखे आहे. बेरीज मात्र कोणी करत नाही, आणि पलंगावरच्या बाईला कोणी विचारतही नाही. तिला दुखते, लाज वाटते, ती काही बोलत नाही. मी शिकत होते तेव्हाही हेच होते आणि आजही बऱ्याच ठिकाणी हेच आहे.

त्यात भर आपल्या जंतूंची. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात कक्षांत दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या १४ टक्क्यांहून अधिक बाळांना सेप्सिस, म्हणजे गंभीर जंतुसंसर्ग झाला होता, आणि अशा दर तीन प्रसंगांतले दोन जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले होते. सर्वांत जास्त सापडला ॲसिनेटोबॅक्टर, त्याच्या खालोखाल क्लेब्सिएला, मग ई. कोलाय. पाश्चात्त्य पुस्तकांत पहिल्या तीन दिवसांच्या संसर्गाचे मुख्य कारण म्हणून ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस येतो. तो आईच्या योनिमार्गात राहतो. अमेरिकेत आईला प्रसूतीच्या वेळी पेनिसिलिन देऊन त्याचे प्रमाण फार खाली आणले गेले. आपल्याकडे पहिल्या तीन दिवसांतच सापडणारा ॲसिनेटोबॅक्टर हा रुग्णालयाचा जंतू आहे. सिंकवर, नळावर, ओल्या कापडावर, हातावर राहणारा, आणि अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा. इतक्या लवकर तो बाळाच्या रक्तात येतो तेव्हा लेबर रूमकडे बोट जाणारच. नवजात कक्षाकडेही जाते, आणि ती जबाबदारी माझी आहे.

मग आईला आधीच औषध देऊन टाकले तर? हा विचार झाला आहे. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमध्ये ८,००० हून अधिक स्त्रियांवर प्रयोग झाला. प्रसूतीच्या वेळी क्लोरहेक्सिडिनने योनिमार्ग पुसला तरी बाळांचे संसर्ग कमी झाले नाहीत, हे २००९ मध्ये कळले. २०२३ मध्ये सात देशांतल्या २९,००० हून अधिक स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात आपले नागपूर आणि शेजारचे बेळगाव ही केंद्रे होती. प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिला. आईचा गंभीर संसर्ग किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ही मोठी गोष्ट आहे. बाळांत मात्र दोन्ही गटांत काही फरक नव्हता. गोळीने आई सावरली, बाळ नाही. बाळासाठी जुनेच काम उरते: जंतू कमी पोचवणे.

गावोगावच्या दाईंना प्रशिक्षणात पाच स्वच्छता शिकवत. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि ही पाच वाक्ये गावातच राहिली. दवाखान्यात आपण गृहीत धरतो की स्वच्छता आहेच. केंद्र सरकारने २०१७ मध्ये लेबर रूमच्या गुणवत्तेसाठी ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू केला आणि त्याने बऱ्याच ठिकाणी खाटा, पडदे, निर्जंतुक ट्रे आले. मी स्वागत करते. पण त्याच खोलीत खाटेची कड, ड्रॉवरची मूठ आणि मोबाइल धरून झाल्यावर तोच मोजा घातलेला हात आईकडे वळताना मी पाहिला आहे. सिंकला नळ आहे, पाणी दुपारनंतर नाही, हेही पाहिले आहे. हात धुवा असे सांगण्याआधी पाणी द्यावे लागते. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, पण मागणी करायला डॉक्टरांनी पुढे व्हायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जे सांगितले ते आपल्या खोल्यांत बसणारे आहे. निरोगी आईला सतत आलेखाची गरज नाही. डॉपलर यंत्राने किंवा फीटोस्कोपने, कळा जोरात असताना दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि बाळ बाहेर ढकलण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ठोके ऐकावेत, निदान एक मिनिटभर. प्रसूती नेहमीसारखी चालली असेल तर आतली तपासणी चार तासांच्या अंतराने. मध्ये काही बिघडले, ठोके मंदावले, रक्त जाऊ लागले, ढकलण्याची इच्छा झाली, तर त्या क्षणी बघा, चार तास धरून बसू नका. नुसते जाणून घ्यायचे म्हणून बघू नका. तपासणीतून जे कळेल त्याने पुढचा निर्णय बदलणार आहे का, एवढे मोजा घालण्याआधी मनाशी विचारावे. इलेक्ट्रोडबद्दलही हेच. जुळ्यांतले पहिले बाळ, फार लठ्ठ आई, पोटावरून संदेश मिळतच नाही आणि बाळ अडचणीत असल्याची शंका आहे, अशा प्रसंगी आणि आईला हर्पीस, एचआयव्ही, हेपॅटायटिस नसताना, त्याचा उपयोग करणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही.

यात एक खरी अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. बाहेरून ऐकायला माणूस लागतो. दर १५ मिनिटांनी एक मिनिट, हे एका सिस्टरला दोन-तीन बाळंतिणींसाठी जमते. सहा-सात बायका आणि एकच सिस्टर असेल तर जमत नाही. मग ऐकायचे राहून जाते आणि बोट घालून ‘अजून वेळ आहे’ असे ठरवून पुढे जावे लागते. आतल्या तपासण्या वाढतात त्याचे एक कारण बाहेरून ऐकायला माणूसच नसणे हे आहे. लेबर रूममधली सिस्टरची रिकामी जागा मला म्हणूनच बाळाच्या जंतुसंसर्गाचे कारण वाटते, आणि ती भरण्याची मागणी बालरोगतज्ज्ञांनीही केली पाहिजे.

घरी गेलेल्या बाळाबद्दल आई आणि आजीसाठी थोडे सांगते. बाळ चांगले ओढत होते आणि ओढेनासे झाले, अंग लुळे पडले, गार किंवा गरम लागले, श्वास मिनिटाला ६० हून जास्त झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना अशी लक्षणे ओळखून उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यू सुमारे १७ टक्क्यांवरून तीन टक्क्यांच्या खाली आले. फारशा न शिकलेल्या बायकांनी हे केले. म्हणजे वेळेवर ओळखले तर ही बाळे वाचतात.

शेवटी, या जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांकडे माझी एक मागणी आहे. केसपेपरवर आतल्या तपासणीसाठी वेगळा रकाना ठेवा. वेळ, कारण, कोणी केली, आईला विचारले का. विद्यार्थ्यांची तपासणी शिक्षकांच्या त्याच तपासणीत बसवा, वेगळी नको, आणि आईच्या होकारावाचून नको. पाणमोट फुटल्यावरच्या तपासण्यांची बेरीज प्रसूतीनंतर लिहा. बाळ आमच्याकडे आले तर तो कागद बाळाबरोबर पाठवा. आम्ही आमच्या बाजूने दर महिन्याला पहिल्या ७२ तासांतल्या संसर्गांची यादी, रक्ततपासणीत सापडलेल्या जंतूंच्या नावांसह, लेबर रूमला परत पाठवू. त्या बैठकीला रेसिडेंट, सिस्टर, आया आणि सफाई कर्मचारी सगळे असावेत. नमुन्याचा रकाना मी छापून आणला आहे. बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, जाताना घेऊन जा.